म्हातारपणाच्या देखभालीचा खर्च तासांत मांडा

बचत, कर्ज, विमा, वारसांची नोंद ही कागदपत्रं एका बैठकीत उरकतात, त्यावर वेळ घालवत नाही. नात्यातल्या-ओळखीतल्या बऱ्याच जणांचे हिशेब मी त्यांच्याबरोबर बसून केलेत. गाडी अडते ती देखभालीच्या खर्चापाशी. मीही तिथेच अडलो होतो.

‘दरमहा अमुक रक्कम बाजूला टाका’ हा सल्ला सोडून द्या, कारण रक्कम कशासाठी हे त्यात कुणी सांगत नाही. इस्पितळाचं बिल वेगळं आणि देखभाल वेगळी. अंघोळ घालणाऱ्या, उठवून बसवणाऱ्या माणसाचा पगार साधा आरोग्य विमा सहसा देत नाही. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम आजच वाचा.

आता कागदावर सहा कामं लिहा: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये मांडलेली, माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो याची ही मोजपट्टी आजही वापरात आहे. बहुतेकांची अंघोळ आधी सुटते, हाताने जेवणं सर्वांत शेवटी. म्हणून तीन टप्पे धरा: दिवसाला दोन-तीन तासांची मदत, दिवसभराची मदत आणि रात्रंदिवस. प्रत्येक टप्प्याचे तास लिहा आणि त्यांना आजच्या दराने गुणा.

तिसऱ्या टप्प्यात लोक हमखास फसतात. ‘चोवीस तासांचा एक माणूस ठेवू’ म्हणतात. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठ तासांप्रमाणे सहा दिवस आला तरी ४८च भरतात. म्हणजे साडेतीन माणसं, आणि रजा-आजारपण धरलं की चार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस रात्रीही बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसभर राबलेल्या माणसाकडून ते होत नाही, आणि तशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

‘घरचं कुणीतरी बघेल’ हे उत्तर मी मुळीच मान्य करत नाही. कोण बघेल, किती तास, कुठल्या वारी, हे त्या माणसाला विचारून नावासकट लिहा. उरलेले तास विकतचे धरा.

देखभालीचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार, आणि तो वाढत जाणार. ७२ला वाढीच्या टक्क्याने भागा: सहा टक्क्यांनी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, आठ टक्क्यांनी नऊ वर्षांत. जोडपं असेल तर दोघांचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. पहिल्याच्या आजारपणात सगळं संपतं आणि मागे राहिलेल्याच्या हाती, बहुधा बायकोच्या, काही उरत नाही. हे मी पाहिलंय, आणि ते फार वाईट असतं.

‘वेळ आली की घर विकू’ हाही कच्चा बेत. घर विकायला महिने लागतात, शिवाय जोडीदार त्याच घरात राहत असतो.

घर बदलायचंच असेल तर पाय धड असताना बदला, म्हणजे नव्या जागी ओळखी होतात. दारं निदान ८० सेंटिमीटर मोकळी हवीत आणि न्हाणीघराला उंबरा नको. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार.

वृद्धाश्रम निवडताना तीन उत्तरं लेखी घ्या: देखभाल वाढली तर दर किती, पैसे संपले तर काय, अनामत परत कधी.

मुखत्यारपत्रही आत्ताच करा, आणि वकिलाला नेमकं विचारा: माझी समज गेल्यावरही हे चालेल का? अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र नेमकं तेव्हाच निरुपयोगी ठरतं.