पहिल्या वीसेक डाइव्हसाठी साइट निवडताना आधी काय काय विचारून ठेवायचं

स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स करून ओपन वॉटरचं कार्ड हातात आलं की आपण फोटो बघून साइट ठरवतो, मीपण तेच केलं होतं, पण फोटोत खोली कळत नाही आणि करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, तर अजिबातच दिसत नाही. म्हणून बुकिंग करायच्या आधी एक कागद घ्या आणि एकेक गोष्ट विचारून लिहून काढा.

सगळ्यात आधी खोली. म्हणजे आपण किती मीटरपर्यंत जाणार ते नाही, तळ किती मीटरवर आहे ते विचारा. कार्डावर मर्यादा 18 मीटरची असते पण सुरुवातीला 10-12 मीटरवर वाळूचा तळ असलेली जागाच बघा, कारण बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं, अजून हातात बसलेली नसते, बीसीडीतून (हवा भरायच्या जॅकेटातून) हवा जरा जास्त सुटली की माणूस खाली जायला लागतो, आणि तळ 12 ला असेल तर फार तर फिन (पायातले पंखे) वाळूला टेकतात, बास. वॉल डाइव्हला, म्हणजे समुद्रातल्या उभ्या कड्यालगतच्या डाइव्हला, ही सोयच नाही. माझी सातवी डाइव्ह वॉलवर होती, एक कासव भिंतीला धरून हळूहळू खाली चाललेलं आणि मी त्याच्या मागे मागे, गाईडने मागून फिन धरली तेव्हा मनगटावर बघितलं तर 23 मीटर! खाली गेल्याचं जाणवलंच नव्हतं, निळं पाणी वरखाली सगळीकडे सारखंच दिसत होतं. त्यात खोल जाल तसा वेटसूट दबतो, त्याची तरंगण्याची ताकद कमी होते आणि तुम्ही आणखी वेगाने खाली जाता. हवेचंही तसंच, 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, 20 वर तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली तेवढ्या पटीने हवा जाते, आणि घाबरल्यावर श्वास जोरात चालतो ते वेगळंच.

मग करंट. नुसतं "करंट कसाय" विचारलं तर "ठीके" एवढंच उत्तर येतं, त्यामुळे नेमकं विचारा, भरती-ओहोटी किती वाजता फिरते, डाइव्ह स्लॅकच्या वेळेला (भरती-ओहोटी फिरताना पाणी थांबतं तेव्हा) ठेवलीये का, जिथे उतरणार तिथेच वर यायचंय की ड्रिफ्ट आहे, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत दुसरीकडे वर यायचंय. पोचल्यावर स्वतः बोया (पाण्यावरची तरंगती खूण) बघा, तो एका बाजूला कलला असेल आणि मागे पाण्याची रेघ उठत असेल तर खाली पोहायला जड जाणार. पॅसिफिकमधल्या पालाऊच्या ब्लू कॉर्नरला लोक खडकात हुक अडकवून करंटमध्ये थांबतात, ती जागा सुंदर आहे पण आत्ता नको.

रेकच्या, म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या, बाबतीत फक्त नावावर जाऊ नका. लाल समुद्रातलं थिस्लगॉर्म 1941 साली बुडालेलं, ते साधारण 30 मीटरच्या तळावर आहे आणि तिथे करंट जोरात असू शकतो, ते नंतरसाठी ठेवा. बालीत तुलांबेनला लिबर्टी आहे, 1963 च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ते किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं, त्याचा वरचा भाग उथळ पाण्यात आहे आणि किनाऱ्यावरून चालत उतरता येतं, फक्त किनारा गोल गुळगुळीत दगडांचा आहे, लाट असेल तर सिलिंडर पाठीवर घेऊन त्यावर पाय ठरत नाही. म्हणून एंट्री आणि एक्झिट कुठून, हाही प्रश्न कागदावर पाहिजेच. रेकच्या आत, गुहेत किंवा कमानीखाली, जिथून सरळ वर येता येत नाही, तिथे कुणीही कितीही आग्रह केला तरी जायचं नाही. इजिप्तमधल्या दाहाबच्या ब्लू होल नावाच्या खोल विवराची कमान 50 मीटरच्याही खाली आहे आणि तिच्यापायी कितीतरी जणांचे जीव गेलेत.

बाकीचं पटकन सांगते. त्या महिन्यात व्हिजिबिलिटी किती असते आणि पाणी किती गार (वेटसूट 3 मिलीमीटरचा की 5 चा ते त्यावरून ठरतं), एका गाईडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर अंगात वायूचे बुडबुडे होऊन त्रास झाला तर दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे. बरेच महिने पाण्यात गेला नसाल तर आधी रिफ्रेशर (उजळणीचा वर्ग) करा. परतीचं विमान सलग डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी ठेवा, हे तिकीट काढायच्या आधीच बघायचं.

आणि त्या दिवशी बोटीवर पोट ढवळत असेल, कानात दडा बसला असेल, किंवा नुसतंच मन होत नसेल तर "मी नाही उतरत" असं सांगायचं, कारण द्यायची गरज नाही. डाइव्ह झाली की लॉगबुकात किती किलो वजन लावलं, वेटसूट कुठला, किती बार (सिलिंडरमधल्या दाबाचं माप) हवा उरली ते लिहा. वर येताना 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं असतं तो सेफ्टी स्टॉप दोरी न धरता एका जागी राहून जमायला लागला आणि दर वेळी 50 बारच्या वर हवा ठेवून तुम्ही बोटीवर येताय असं सलग काही डाइव्ह दिसलं, की मग 18 मीटरच्या साइटबद्दल विचारा.