बागेत येणाऱ्यांचं मत विचारताना

नागपूरच्या अंबाझरी उद्यानासारख्या बागेत प्रश्नावली फाटकावर, बाहेर पडणाऱ्या दर पाचव्या माणसाला द्या. बोलके चेहरे निवडले की निकाल गोडच येतो. फक्त सकाळी विचारलंत तर रोजचे फिरणारेच सापडतात; झुल्यांची, स्वच्छतागृहाची खरी तक्रार संध्याकाळी मुलं घेऊन येणाऱ्या बायकांकडे असते. नागपूरच्या मे महिन्यात दुपार सोडाच, सहानंतर उभे राहा. प्रश्न पाचच, तेही ‘आज’बद्दल: आज पाणी मिळालं का? साधारण १०० उत्तरांत आलेली टक्केवारी खऱ्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकते, ४०० मध्ये ५.

माळी, चौकीदार, योगवर्ग, ठेलेवाले यांचा कागद वेगळा, बिननावाचा, पेटीत टाकायचा. ठेकेदारासमोर कोण खरं बोलणार?