वाळपईची लाइन तुटली तरी पावती दोनदा चढू नये

मार्च ते मे म्हणजे गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात काजूचे दिवस. होंडा, केरी, ठाणे इथले बागायतदार गोणी घेऊन वाळपईच्या खरेदी केंद्रावर येतात, काट्यावर बियांचं वजन होतं, पावती फाटते. संध्याकाळी दिवसभराच्या पावत्या पणजीतल्या सर्व्हरवर चढतात. तो डेटाबेस मी फोंड्याहून सांभाळते. एका मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली तेव्हा निम्म्याच पावत्या चढल्या होत्या. केंद्रावरच्या मुलाने पुन्हा ‘पाठवा’ दाबलं आणि काहींच्या नावावर दुप्पट वजन पडलं. जास्त गेलेले पैसे परत मागायला मी घरोघरी फिरले. तेव्हापासून सेटिंग्ज अशा लावते.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवर चालतो, पावत्या पाठवणारं अ‍ॅप जावा भाषेतलं. पोस्टग्रेसमध्ये मूळची मर्यादा एका वेळी 100 कनेक्शनची, म्हणजे डेटाबेसशी होणाऱ्या जोडण्यांची, त्यातली 3 अ‍ॅडमिनसाठी राखीव. प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी राहते, त्यामुळे आकडा वाढवून वेग येत नाही. हिकारी पूल, म्हणजे कनेक्शन उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरणारा साठा, मूळचा 10 चा असतो. आमच्या पाच केंद्रांना तेवढा पुरून उरतो.

खरा त्रास मेलेल्या कनेक्शनचा. मधला राउटर बंद पडला तर अ‍ॅपला कळतच नाही, ते उत्तराची वाट बघत राहतं. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागात) सॉकेट टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, मूळचा शून्य, म्हणजे कितीही वेळ थांबायची तयारी. तो मी 60 सेकंद ठेवते. तुमची सर्वांत लांब क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) जेवढा वेळ घेते त्याहून हा आकडा मोठा हवा, नाहीतर चांगलं चाललेलं काम मध्येच तुटेल. टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे गप्प पडलेलं कनेक्शन जिवंत आहे का याची चाचपणी, तीही चालू करा, पण तेवढ्यावर विसंबू नका: लिनक्स पहिली चाचपणी मुळात 2 तासांनी करतो. सर्व्हरवर तो अवधी 60 सेकंदांवर आणावा लागतो.

आता टेबलात पावत्यांच्या ओळी घालण्याकडे. ऑटोकमिट बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक पावती स्वतंत्रपणे पक्की होते आणि वीज गेली की निम्मा दिवस आत, निम्मा बाहेर. एका केंद्राचा एक दिवस म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, सगळं पक्कं होईल किंवा काहीच नाही, हा माझा नियम. एका वेळी पाठवायचा गठ्ठा, म्हणजे बॅच, 500 ओळींची, आणि ड्रायव्हरमध्ये ‘रीराइट बॅच्ड इन्सर्ट्स’ चालू, म्हणजे अनेक ओळी एकाच इन्सर्टमधून (ओळ घालायच्या आज्ञेतून) जातात.

पण दुबार नोंद थांबते ती युनिक कीमुळे, म्हणजे टेबलात दोनदा येऊ न शकणाऱ्या ओळखीमुळे. केंद्र, तारीख आणि पावती क्रमांक यांची मिळून एक की करा आणि इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडा, म्हणजे तीच की पुन्हा आली तर ती ओळ सोडून दिली जाते. पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर ‘इन्सर्ट इग्नोर’ मोह पाडेल, पण तो वापरू नका. तो दुबार ओळीबरोबर इतर चुकाही नुसत्या इशाऱ्यावर सोडून देतो, आणि चुकीचं वजन गुपचूप आत जाऊ शकतं. तिथे ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ बरं, त्यात तीच की आली तर आधीचीच ओळ बदलते. बागायतदारांची नावं देवनागरीत असतील तर टेबलचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8-एमबी-4 आहे ना, तेही बघून घ्या. जुन्या लॅटिन-1 टेबलात नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

‘डू नथिंग’ची एक खोच आहे. पावतीवरचं वजन नंतर दुरुस्त करून तीच पावती पुन्हा पाठवली, तर दुरुस्ती मुकाट्याने गळून पडते. किती ओळी गेल्या हे ड्रायव्हरला विचारून उपयोग नाही, कारण रीराइट चालू असताना तो ओळीगणिक नेमका आकडा देत नाही. म्हणून कमिटच्या (नोंद पक्की करण्याच्या) आधी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, मी त्या केंद्राच्या त्या दिवसाच्या पावत्यांची संख्या आणि किलोंची बेरीज काढते. केंद्रावरचा मुलगा पावतीपुस्तकावरून केलेली बेरीज आधीच टाकतो. दोन्ही जुळले तर कमिट, ग्रॅमचाही फरक असला तर रोलबॅक, म्हणजे घातलेलं सगळं मागे, आणि मला फोन.

लावून झालं की चाचणी घ्या. शंभरेक खोट्या पावत्या चाचणीच्या डेटाबेसला पाठवा आणि मध्येच नेटची वायर काढा. टेबल रिकामं दिसलं पाहिजे. वायर लावून पुन्हा पाठवा, मग मुद्दाम तिसऱ्यांदा पाठवा. बेरीज तीच राहिली तरच वाळपईला लावा.