बायोडिझेल धुताना दही झालं तर

भज्याच्या गाड्यावरच्या जळक्या तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बायोडिझेल केलं, खाली बसलेलं ग्लिसरीन नीट काढलं, तरी उरलेला साबण धुवायला बोअरचं पाणी घालून ढवळताच ड्रममध्ये पांढरं दही, म्हणजे तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण. दोन दिवस ठेवूनही थर सुटेना.

कारण एक तर जोराची घुसळण. दुसरं आपलं मराठवाड्यातलं जड पाणी: त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि चिकट साका तयार होतो.

उपाय मिठाचा. १० लिटर मालाला २ लिटर ५० अंशाचं पाणी, त्यात १०० ग्रॅम मीठ. हळूच ओतायचं, ढवळायचं नाही, रात्रभर ठेवायचं. व्हिनेगरनेही दही फुटतं, पण साबणाचं पुन्हा आम्ल होऊन ते इंधनातच राहतं. म्हणून तो शेवटचा इलाज. मीठ वापरलं की नंतर दोन साध्या धुण्या हव्यातच, नाहीतर पंप गंजतो.

पहिली धुणी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याची, फवाऱ्याने. पुढच्या धुण्या पाणी नितळ येईपर्यंत.

तरीही दही होत असेल तर मूळ प्रक्रियाच अर्धवट आहे. २७ मिली मिथेनॉलात ३ मिली धुतलेलं, कोरडं बायोडिझेल हलवा. तळाशी थेंब बसला म्हणजे बायोडिझेल न झालेलं तेल शिल्लक. ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी करू नका. मिथेनॉल गरम असलं की कच्चा मालही पास होतो. २० अंशांच्या आसपास आणा.

वाळवायला ५५-६० अंश, उघडं तोंड, जाळ नाही. आरपार पेपर वाचता आला की झालं. धुण्याचं पाणी गुरांच्या हौदाजवळ सांडू नका, त्यात विषारी मिथेनॉल असतं.