थॅलेसेमिया मायनरची तपासणी: कधी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

थॅलेसेमिया हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा विकार. मायनर म्हणजे त्याचा नुसता वाहक, तो आजार नव्हे. त्या माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो, आणि म्हणूनच तपासल्याशिवाय ते कळत नाही. प्रश्न येतो तो नवरा-बायको दोघेही मायनर असतील तेव्हा. मग प्रत्येक गर्भारपणात बाळ मेजर, म्हणजे या विकाराने गंभीर आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातून शरीरात साठणारं लोह काढायला रोजची औषधं लागतात.

तपासणीची सगळ्यात चांगली वेळ लग्न ठरण्याआधीची. ती हुकली असेल तर दिवस राहण्याआधी, आणि तीही हुकली तर दवाखान्यात नाव घालताना, पहिल्याच भेटीत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा समाजांत प्रमाण जास्त आहे, पण 'आमच्यात नसतं' असं कुठल्याही समाजाने धरून चालू नये.

सुरुवात साध्या सीबीसीने, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीने करा. जांभळ्या बुचाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं, उपाशीपोटी जायची गरज नाही. रिपोर्टमध्ये नुसतं हिमोग्लोबिन पाहू नका, मायनरमध्ये ते ११-१२ सुद्धा असतं. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर थांबा आणि आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या बघा. समजा एमसीव्ही ६४ आणि आरबीसी ५.८ आहे. ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. हे उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर संशय मायनरचा, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेचा. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. पण 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या कितीतरी जणी या एका भागाकाराने योग्य तपासणीपर्यंत पोचू शकतात.

पुढची तपासणी एचपीएलसी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी. त्यात एचबी ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची ओळ शोधा. ४ टक्के किंवा जास्त असेल तर बहुधा मायनर. ३.५ ते ३.९ ही सीमारेषा, तिला 'नॉर्मल' समजून फाइल बंद करू नका. लोह फार कमी असेल तर ए२ खोटं खाली येतं, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून, उपचार घेऊन एचपीएलसी परत करायची. गर्भवतीने मात्र वाट पाहत बसू नये, जोडीदाराची तपासणी लगेच करावी. ए२ च्या जागी २५-३० टक्के असा आकडा दिसला तर बहुधा ते हिमोग्लोबिन ई हा वेगळा, आनुवंशिक प्रकार असतो. तेही महत्त्वाचं आहे, कारण ई आणि बीटा थॅलेसेमिया (इथे ज्याबद्दल बोलतोय तोच प्रकार) एकत्र आले तर मूल गंभीर आजारी पडू शकतं.

रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबा, नाहीतर रिपोर्ट रक्तदात्याचा येतो. एक वर्षाखालच्या बाळाचा एचपीएलसीही फसवा असतो.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी सोल्युबिलिटी ही झटपट प्राथमिक तपासणी शिबिरांत होते. ती निगेटिव्ह आली म्हणजे थॅलेसेमिया नाही, असं होत नाही. एक जोडीदार सिकलसेल वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया मायनर, ही जोडीही धोक्याचीच.

दोघेही मायनर निघाले तर लग्न मोडायचं कारण नाही, पण वेळापत्रक पाळावंच लागतं. आधी दोघांच्या रक्ताची डीएनए तपासणी करून जनुकातला नेमका बदल शोधायचा. भारतात आयव्हीएस १-५ नावाचा बदल सर्वाधिक आढळतो. हे ठाऊक नसेल तर गर्भाच्या नमुन्यात काय शोधायचं तेच लॅबला कळत नाही आणि मोलाचे आठवडे जातात. मग गर्भाच्या तपासणीसाठी गर्भारपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेतात. ती वेळ गेली तर १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून अनुभवी डॉक्टरकडेच जा. पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यानुसार लेखी संमती द्यावी लागते आणि लिंग सांगितलं जात नाही. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या कामासाठी ओळखली जाते.

आणि तुम्ही मायनर निघालात तर भावंडांना आधी कळवा. प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्यांची लग्नं कदाचित अजून व्हायची असतील.