जुने लाव्हा कॅमिओ कसे ओळखावेत

कॅमिओ म्हणजे उठावाने कोरलेल्या चित्राचा दागिना; पण ‘लाव्हा कॅमिओ’ या नावावर फार विश्वास ठेवू नये. इटलीतील नेपल्सच्या परिसरात, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या सावलीत घडलेल्या या दागिन्यांपैकी बहुतेकांचा दगड हा खरा लाव्हा नसून मऊ, चुनखडीसारखा दगड आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण हा मात्र खराखुरा थिजलेला लाव्हा आहे. त्यावर दोन इंचांच्या ब्रोचमधील चेहऱ्याच्या पापण्या कोरायला बसणाऱ्याची दमछाक होईल. नेपल्सचा दगड मऊ असतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पारखण्याच्या बहुतेक खुणा त्यातूनच उलगडत जातात.

व्हेसुव्हियसच्या इसवी सन ७९ च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचे उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले आणि ते अवशेष पाहायला येणारे युरोपीय प्रवासी आठवण म्हणून हे दागिने घेऊन जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांची चलती होती. त्यामुळे रोमन मद्यदेव बॅकस, त्याच्या द्राक्षवेली माळलेल्या अनुयायी स्त्रिया, बुद्धीची देवता मिनर्व्हा, केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, पंखवाली बालके, इटालियन कवी दांते असे विषय वारंवार दिसतात. रंग बहुधा राखाडी, मळकट पांढरा, तपकिरी, शेवाळी किंवा विटकरी असतो आणि पृष्ठभागाला चकाकी नसते. शिंपल्याच्या कॅमिओत पांढरी आकृती वेगळ्या रंगाच्या थरावर उठून दिसते आणि प्रकाशासमोर धरल्यास तो पातळ भाग उजळतो. लाव्हा कॅमिओत आकृती आणि पार्श्वभूमी सहसा एकाच रंगाची असते आणि प्रकाश आरपार जात नाही.

नग हाती आला की आधी तो बाजूने पाहावा. दगड मऊ असल्याने कारागिराला फार खोल कोरता येत असे, म्हणून चांगल्या नगात चेहरा पार्श्वभूमीपासून जवळजवळ सुटून पुढे आलेला असतो. मग दहा पटींचे भिंग घेऊन केसांच्या बटा पाहाव्यात. बॅकसच्या कानाशी लोंबणाऱ्या द्राक्षांच्या घोसामागे कोरणी आत शिरलेली दिसली, बटेखाली खोलगट सावली राहिली आणि तळाशी हत्याराचे बारीक, असमान ओरखडे सापडले, तर ते हाताचे काम मानायला हरकत नाही. साच्यातून काढलेल्या नकलेत कडा गुळगुळीत व बोथट असतात, बटांखालची पोकळी भरलेली असते, आणि हवेचे बुडबुडे किंवा साच्याच्या जोडाची रेघही दिसू शकते. टवका उडालेली जागा तर अवश्य पाहावी. तिथे आतून निराळाच पांढरा किंवा चकचकीत पदार्थ दिसला, तर वरचा रंग नंतर दिला असण्याची शंका घ्यावी. तापवलेली सुई किंवा आम्ल लावून परीक्षा करण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये. चुनखडीवर आम्ल फसफसते हे खरे, पण त्या परीक्षेत नगच खराब होतो.

कोंदण सोन्याचे, चांदीचे किंवा मुलामा दिलेल्या साध्या धातूचे असते, आणि त्यावर छाप नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. जुन्या ब्रोचच्या मागे टाचणी अडकवायचा, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा साधा आकडा आणि चौकटीच्या बाहेर डोकावणारी लांब टाचणी आढळते. तरीही टाचणी बदललेली असू शकते, त्यामुळे एकट्या तिच्यावरून वय ठरवू नये. ब्रेसलेटमध्ये प्रत्येक कडीचा दगड निराळ्या छटेचा असणे स्वाभाविक आहे. मात्र एखाद्याच कडीचे कोंदण किंवा कोरीव कामाची खोली इतरांशी जुळत नसेल, तर ती नंतर बसवलेली समजावी.

सर्वांत पुढे आलेले नाक सर्वांत आधी झिजते किंवा तुटते. नाकाचा शेंडा किंचित गेलेला, पण ओठ आणि पापण्या जिवंत वाटणारा नग हा निर्जीव चेहऱ्याच्या अखंड नगापेक्षा केव्हाही घ्यावा, असे माझे मत आहे. फक्त किंमत त्या मानाने कमी करून घ्यावी. दुरून खरेदी करताना समोरच्या फोटोवर समाधान न मानता बाजूचा, मागचा आणि नाकाचा जवळून घेतलेला फोटो मागावा.

घरी आणल्यावर मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. व्हिनेगर, लिंबू, दागिने उजळण्याचे द्रव आणि अल्ट्रासॉनिक यंत्र यांपासून नग दूर ठेवावा, आणि तो सुती कापडात एकटाच गुंडाळावा, कारण डबीतली शेजारची अंगठीसुद्धा त्याच्या गालावर ओरखडा काढू शकते.