प्रोग रॉकचा मिक्स मित्राला पाठवताय? या चुका टाळा

ठाण्याच्या एका मित्राला मी प्रोग रॉकचा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा मिक्स (वेगवेगळ्या बँडची गाणी निवडून क्रमाने लावलेली यादी) पाठवला होता. ७८ मिनिटांचा, क्रम लावायला दोन रविवार गेलेले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: "बाकी मस्त आहे रे, पण मधेच एवढी उडी का मारलीस?" ती उडी कशी मुद्दाम आहे, हे मी त्याला अर्धा तास पटवत बसलो. शेवटी कळलं, त्याच्या फोनवर शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी सोय, चालू होतं. मी माझ्या मिक्सची बाजू मांडत होतो आणि त्याने तो ऐकलेलाच नव्हता.

तेव्हापासून माझं मत झालंय की दोन चाहत्यांमधली निम्मी भांडणं आवडीनिवडीची नसतातच. दोघांच्या कानावर वेगवेगळं पडलेलं असतं.

शफल आणि क्रॉसफेड तसेच ठेवणं

शफल बंद करायला सांगायचं हे उघड आहे, तरी आपण सांगत नाही. क्रॉसफेड जास्त छुपा: एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारी ही सोय. येस या बँडचं 'क्लोज टू द एज' (१९७२) पाण्याच्या खळखळाटाने आणि पाखरांच्या किलबिलाटाने सुरू होतं. तो आवाज हळूहळू चढत जातो आणि मग अख्खा बँड एकदम अंगावर येतो. क्रॉसफेड १२ सेकंदांवर असेल तर आधीच्या गाण्याचं शेपूट त्या पाण्यात बुडतं, आणि मित्र म्हणतो, "सुरुवात जरा गढूळ वाटली."

उलटी अडचण जोडगाण्यांची. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या अल्बममधलं 'ब्रेन डॅमेज' एकटं उचललंत तर ते दारात पाय अडकल्यासारखं तुटतं, कारण ते थेट 'एक्लिप्स'मध्ये शिरतं. घ्यायची तर दोन्ही घ्या. आणि फाइली पाठवत असाल तर एमपी३ टाळा. त्या प्रकारात फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते. प्लेअरने ती कापली नाही तर नेमकी जोडावरच उचकी लागते. फ्लॅक प्रकारच्या फाइलींमध्ये हा त्रास नाही.

सगळी महाकाव्यं एकाच मिक्समध्ये कोंबणं

जेनेसिसचं 'सपर्स रेडी' सुमारे २३ मिनिटं, पिंक फ्लॉइडचं 'एकोज' साडेतेवीस, रशचं '२११२' साडेवीस. तीन गाण्यांत तासाहून जास्त वेळ संपला आणि समोरचा माणूसही. माझा हट्ट असा की एका मिक्समध्ये लांबलचक गाणं एकच. त्याच्या आधी काय ठेवायचं, हे 'फॉक्सट्रॉट' (१९७२) या अल्बमनेच दाखवलंय. 'सपर्स रेडी'च्या आधी तिथे जेनेसिसच्या गिटारवादक स्टीव्ह हॅकेटचा 'होरायझन्स' हा दोन मिनिटांच्याही आतला, नुसत्या गिटारचा तुकडा आहे. जड जेवणाआधीचं सोलकढीचं भांडं म्हणा.

जेथ्रो टलच्या 'थिक ॲज अ ब्रिक'च्या वाटेला मात्र जाऊच नका. एलपीच्या दोन्ही बाजूंवर मिळून ते एकच गाणं आहे. ते मिक्समध्ये टाकायचं म्हणजे अल्बमच पाठवायचा.

कोणती आवृत्ती, हे न सांगणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. रीमास्टर आणि रीमिक्स हे शब्द आपण सर्रास अदलाबदल करून वापरतो. रीमास्टरमध्ये तयार मिश्रण तसंच राहतं, त्याचा एकूण स्वर आणि आवाजाची पातळी तेवढी बदलते. रीमिक्स करणारा मूळ मल्टिट्रॅक टेपांकडे (ज्यांवर प्रत्येक वाद्य वेगळं असतं) परत जातो आणि बेस किती पुढे, कोरस डावीकडे की उजवीकडे, हे नव्याने ठरवतो. पॉर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सनने 'थिक ॲज अ ब्रिक', 'क्लोज टू द एज' असे बरेच जुने अल्बम असे नव्याने मिसळलेत. (हाच बँड २००९च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला. त्या वेळी तिथे असलेली मंडळी अजून सुटत नाहीत त्यातून.) तुम्ही 'क्लोज टू द एज' १९७२चं ऐकताय, मित्र विल्सनचं ऐकतोय आणि वाद चाललाय येसच्या ख्रिस स्क्वायरचा बेस दबलाय का यावर. गाण्यापुढे वर्ष आणि 'मूळ' की 'रीमिक्स' एवढं लिहिलं की पुरे.

पिंक फ्लॉइडच्या 'मनी'चा सापळा वेगळाच. १९८१च्या एका संग्रहासाठी बँडच्या गिटारवादक डेव्हिड गिलमोरने ते गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं. नाव तेच, म्हणून शोधताना चुकून तेच हाताला लागू शकतं.

"कसा वाटला?" असं विचारणं

याचं उत्तर "भारी" येतं आणि विषय मिटतो. जागेवर बोट ठेवा. किंग क्रिमसनचं 'स्टारलेस' (१९७४) घ्या. सवाबारा मिनिटांचं गाणं. चारेक मिनिटांनी गायन थांबतं, बेस तेरा मात्रांचा एक तुकडा घोळवायला लागतो आणि रॉबर्ट फ्रिपची गिटार एकाच सुरावर अडून बसते. मग सूर कणाकणाने चढतो, ड्रम्स दाटत जातात. विचारा: "तिथे कंटाळलास की श्वास अडकला?" माझा मित्र म्हणाला, "कंटाळलो. आणि मग लोकल डोंबिवलीला थांबली तरी उतरलो नाही." यावर तासभर बोलता येतं.

मात्रा मोजून दाखवायचा मोह मात्र आवरा. 'मनी' सातात आहे हे कळलं की आपला हात लगेच रूपक ताल धरायला जातो. सात मात्रा असल्या म्हणून तो रूपक होत नाही, आणि गिटारचा सोलो आला की गाणं सरळ चारात जातं. ते त्याचं त्याला सापडू दे. नाही सापडलं तर महिन्याभराने सांगा.

आणि त्याला एखादं गाणं नाहीच आवडलं तर वकिली करू नका. व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या पीटर हॅमिलचा आवाज त्याला किंचाळल्यासारखा वाटला. मी तीन लांबलचक मेसेज लिहिले आणि त्या बँडपासून तो कायमचा दुरावला.

परवा त्याचा उलट मिक्स आलाय. ५२ मिनिटं, कॅमल, इटलीचं पीएफएम आणि दोन बँड मी कधी न ऐकलेले. वर लिहिलंय: शफल बंद कर. तिसऱ्या गाण्यावर मला झोप लागली, आणि आज संध्याकाळी त्याचा फोन यायचाय.